मे महिना सोसणारा मांडव

उन्हाळ्याची चाहूल लागली की नांदेड-लातूरच्या बाजारात हिरव्या जाळीची मागणी वाढते. कुणाला ती गच्चीवरच्या कुंड्यांसाठी हवी असते, तर कुणाला अंगणातल्या वाफ्यासाठी. अलीकडे मात्र अनेकांना नुसती जाळी पुरेशी वाटत नाही. त्यांना घरच्या घरी, कमी पैशांत, छोटेखानी ‘ग्रीनहाऊस’ उभारायचे असते. हौस चांगली आहे. मेमध्ये कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारणाऱ्याला ती का वाटते, हे सांगायला नको. अडचण एवढीच की, या हौसेपोटी जो सांगाडा उभा राहतो, तो बहुधा थंड मुलखातला असतो. चारही बाजूंनी बंद, वर पारदर्शक प्लास्टिक आणि आत जायला एक दार. मराठवाड्याच्या उन्हात असा सांगाडा एप्रिलपर्यंतही टिकाव धरत नाही. सांगाडा टिकला तरी आतले रोप टिकत नाही.

कारण समजून घेणे अवघड नाही. भर दुपारी निरभ्र आकाशातून एका चौरस मीटरवर आठशे ते हजार वॅट इतकी ऊर्जा येते. दहा बाय दहा फुटांच्या जागेवर ती आठ-नऊ हजार वॅट भरते. म्हणजे घरातले चार गिझर एकदम चालू करून ठेवल्यासारखे झाले. ही उष्णता बाहेर जायची तर तापलेली हवा वर निघून गेली पाहिजे आणि खालून दुसरी आत आली पाहिजे. प्लास्टिक नेमकी हीच वाट बंद करते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी 1909 मध्ये दोन खोकी उन्हात ठेवून हे पडताळले होते. एका खोक्यावर काच होती, दुसऱ्यावर सैंधव मिठाची पारदर्शक पट्टी. काच उष्णतेचे किरण अडवते, मीठ ते जाऊ देते. तरीही दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. हरितगृह तापते ते मुख्यतः कोंडलेल्या हवेमुळे, हा त्याचा अर्थ. बाहेर 42 अंश असताना हवा कोंडणारी वस्तू बांधणे म्हणजे पैसे मोजून झळ विकत घेणे होय.

स्वस्त हरितगृहाची कल्पनाही आली ती थंड प्रदेशातूनच. केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्ट यांना काचेचे हरितगृह परवडेना, तेव्हा 1948 च्या सुमारास त्यांनी लाकडी चौकटीवर काचेऐवजी पारदर्शक पातळ आवरण ताणले आणि प्लास्टिकच्या हरितगृहांची वाट मोकळी झाली. तिथे प्रश्न हिवाळ्यातल्या गारठ्याचा होता. आपल्याकडेही पॉलिहाऊस आधी रुजले ते मावळात, तळेगावच्या मध्यम हवेत, गुलाब आणि जरबेऱ्यासाठी. मराठवाड्याला त्याहून जवळचा धडा शेजारीच उपलब्ध आहे. जालना आणि बुलढाण्याच्या देऊळगाव राजा पट्ट्यात मिरची, टोमॅटो, काकडीचे संकरित बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांनी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, स्वीकारले. ऊन मोडायचे, वारा खेळता ठेवायचा, कीड रोखायची, ही त्यांची गरज होती. नांदेड-लातूरच्या घरालाही तेच हवे आहे. घरच्या हरितगृहाचा आराखडा मे महिना डोळ्यांसमोर ठेवून करावा आणि प्लास्टिकचा विचार फक्त थंडीपुरता करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाळीवर 35, 50, 75 असे टक्के लिहिलेले असतात. तितके ऊन ती अडवते. गडद जाळी घेतली की रोप जास्त सुखी होईल, हा समज चुकीचा आहे. 75 टक्क्यांच्या जाळीखाली टोमॅटो नुसताच उंच वाढतो, काडी बारीक राहते आणि फूल धरत नाही. फळभाजीला 35 ते 50 टक्के, तर मेथी-पालक-कोथिंबिरीला उन्हाळ्यात 50 टक्के जाळी पुरते. 75 टक्क्यांची जाळी नुकत्याच उगवलेल्या रोपांवर आठ-दहा दिवस टाकण्यापुरती ठीक. दुकानात गेल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : धागा चपटा की गोल? चपट्या धाग्याला ‘टेप’ आणि गोल धाग्याला ‘मोनो’ म्हणतात. मोनो महाग पडते, पण ऊन-वाऱ्यात जास्त टिकते. अतिनील किरण सोसण्याची प्रक्रिया न केलेली स्वस्त जाळी एक-दोन उन्हाळ्यांत हाताला भुगा होऊन लागते.

जाळी कायमची शिवून टाकू नये. दोन तारा ताणाव्यात, कड्या ओवाव्यात आणि जाळी त्यांवर सरकती ठेवावी. सकाळी दहाला ओढायची, ऊन उतरले की गोळा करायची. रात्री आकाश उघडे राहिले की जमिनीतली धग लवकर निघून जाते, पिकालाही सकाळचे कोवळे ऊन मिळते. वळिवाचा वारा सुटला तर जाळी दोन मिनिटांत आवरता येते, हा तिसरा लाभ. छताची उंची नऊ-दहा फुटांपेक्षा कमी नसावी. ठेंगण्या मांडवात तापलेली हवा पिकाच्या डोक्यावरच साचून राहते.

पांढरी माशी रोखण्यासाठी बाजूंना बारीक, 40 मेशची कीडरोधक जाळी लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मिरची-टोमॅटोची रोपे वाढवायची असतील तर तो योग्यच आहे, कारण पर्णगुच्छ आणि चुरडा-मुरडा एकदा आला की औषध फवारून काही हाती लागत नाही. पण ही जाळी वाराही अडवते आणि मधमाशीही. काकडी, दोडका, भोपळा अशा जाळीत लावले तर वेल फुलांनी भरतो आणि फळ मात्र धरत नाही. मग नर फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून, त्यातला परागकोष मादी फुलावर टेकवत बसावे लागते. मादी फूल ओळखणे सोपे आहे. त्याच्या देठाशी इवलीशी काकडी दिसते. ज्यांना रोज एवढी सवड नाही, त्यांनी वेलवर्गीय भाज्या मांडवाबाहेर ठेवाव्यात.

आता सांगाडा. इथे आपल्या काळ्या मातीची खोड आड येते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात. जूनमध्ये घट्ट वाटणारा खांब एप्रिलमध्ये ढिला होतो, नेमका अवकाळी वादळाच्या तोंडावर. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत घ्यावा. मुरूम खोल असेल तर किमान दोन-अडीच फूट जावे, आणि खांबाभोवती तीच काळी माती न लोटता खडी-वाळू-सिमेंटचा माल ओतावा. कोपऱ्यांना तिरके टेकू आणि बाहेरून ताणाच्या तारा द्याव्यात. खर्च वाचवण्याच्या नादात लोक नेमके हेच टाळतात आणि मग पहिल्या गारपिटीला दोष देतात.

खांब कशाचे? जीआय पाइप निर्धास्त, बांबू स्वस्त. किती स्वस्त, याचा अंदाज एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या 2014 च्या मापदंडांवरून येतो. शेडनेटगृहाला त्यात लोखंडी पाइपसाठी चौरस मीटरला 710 रुपये, लाकडासाठी 492 आणि बांबूसाठी 360 रुपये धरले होते. दहा बाय दहाला हा हिशेब पाइपचा साधारण 6,600 आणि बांबूचा 3,300 रुपये होतो. आजचे भाव अर्थातच वर गेले आहेत, पण बांबू निम्म्यात पडतो हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. लातूर जिल्ह्यात तर बांबूचे नाव काढले की औसा तालुक्यातले लोदगा आणि शेतकरी नेते पाशा पटेल यांनी चालवलेला प्रचार आठवतोच. त्या उत्साहात बांबूचा वैरी विसरू नये. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत रोवला की वाळवी दोन-तीन वर्षांत खालचे टोक पोखरते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू मिळाला तर उत्तम, तरीही जमिनीतल्या भागाला डांबराचे दोन हात द्यावेत. त्याहून बरे म्हणजे पाइपचा तुकडा जमिनीत गाडून बांबू त्यात बसवावा.

गच्चीवर मांडव घालणाऱ्यांना वेगळी सूचना करावी लागते. वजनाचा अंदाज आपल्याकडे फार ढोबळ असतो. माणसांचा वावर असलेल्या छतासाठी भारतीय मानकांत चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरला जातो. सहा इंच जाडीचा ओल्या काळ्या मातीचा थर अंथरला तर तो अडीचशे किलोच्या घरात जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात जड दगडी भिंती आणि मातीच्या माळवदांनी किती जीव घेतले, हे ज्या जिल्ह्याने पाहिले, तिथे डोक्यावर माती चढवण्याआधी हा विचार व्हायलाच हवा. कोकोपीट, गांडूळ खत आणि थोडी माती असे हलके मिश्रण वापरावे, जड कुंड्या भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेत ठेवाव्यात, आणि मांडवाचे खांब स्लॅबला भोके पाडून नव्हे, तर कठड्याला बांधून उभे करावेत. जुन्या माळवदावर हा उद्योग नकोच.

पाण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक. 12 एप्रिल 2016 रोजी ज्या दुष्काळग्रस्त लातुरात मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, त्या शहराला ‘फॉगर लावा, गारवा मिळवा’ असे बेधडक सांगता येत नाही. आपल्या कोरड्या हवेत फॉगरने, म्हणजे पाण्याचे धुके सोडणाऱ्या तोट्यांनी, गारवा येतो हे खरे, पण तो पाण्याच्या मोलानेच येतो. शिवाय बोअरच्या जड पाण्याने नोझल महिन्याभरात क्षार धरून बसतात. मे महिन्यात उघड्या पाण्याचे दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास बाष्पीभवन होते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. या हिशेबाने शंभर चौरस फुटांवरून रोज नव्वदेक लिटर उडून जाऊ शकते. जाळीची खरी कमाई इथे आहे : ऊन निम्मे झाले आणि झळ अडली की हे प्रमाण बरेच खाली येते. त्यावर पाचटाचे किंवा सोयाबीनच्या भुसकटाचे आच्छादन आणि ठिबकची एक नळी जोडली की फॉगरची आठवण येत नाही. धुण्या-विसळण्याचे पाणी वापरायचे तर साबणाचे टाळून, भाज्या-डाळी-तांदूळ धुतलेले घ्यावे.

प्लास्टिकला जागा आहे ती डिसेंबर-जानेवारीत. रात्रीचे तापमान दहाच्या खाली उतरले की मिरची-वांग्याचे बी उगवायला अडून बसते. तेव्हा सहा मिलिमीटरच्या सळईच्या किंवा बांबूच्या कामट्यांच्या कमानी करून दोन फूट उंचीचा बोगदा करावा, संध्याकाळी प्लास्टिकचा कागद ओढावा आणि सकाळी नऊला न चुकता उघडावा. कलिंगडाचे शेतकरी लागवडीनंतरचे सुरुवातीचे दिवस पांढऱ्या क्रॉप कव्हरखाली काढतात, तोही याच घराण्यातला उपाय. खर्च किरकोळ, आणि काम झाले की गुंडाळून माळ्यावर.

सरकारी मदतीबद्दल गैरसमज नकोत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत दहा गुंठ्यांच्या शेडनेटसह उभारायच्या रोपवाटिकेला निम्मे, जास्तीत जास्त 2 लाख 30 हजारांचे अनुदान ठरले होते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही शेडनेटचा समावेश होता. हे सारे सातबाऱ्यावर चालते. अंगणातल्या मांडवाला त्यात जागा नाही, आणि ती मागावी असेही आम्हाला वाटत नाही. इतक्या थोड्या खर्चाच्या कामात अनुदान शिरले की कागदपत्रांचा खर्चच जास्त व्हायचा. हवी आहे ती खात्रीची माहिती. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दरवर्षी स्थापनादिनी, 18 मे रोजी, खरीप शेतकरी मेळावा भरतो. नांदेड-लातूरची माणसे तिथे गाड्या भरून जातात. तिथल्या प्रदर्शनात दहा बाय दहाचे दोन नमुने शेजारी शेजारी उभे करावेत, एक प्लास्टिकचा आणि एक जाळीचा. दोन्हींत एकेक थर्मामीटर टांगावा, खर्चाची फोड फळ्यावर लिहावी, आणि दुपारी दोन वाजता लोकांना आत बोलवावे.