चेसीत गेलेली बॅटरी आणि आपली गॅरेजवाली पोरं

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. असरची नमाज आटोपून लॅम रोडने घरी येत होतो. रस्त्याला लागून एक गॅरेज आहे. वर पत्रा, खाली ऑइलने काळी झालेली जमीन. मालकांना सगळा देवळाली कॅम्प ‘उस्ताद’ म्हणतो. त्या दिवशी तिथं एक इलेक्ट्रिक कार जॅकवर चढवलेली होती. खालून दगड लागला होता. उस्ताद गाडीखाली आडवे झाले होते आणि टॉर्च धरून शेजारी बसला होता माझाच एक जुना विद्यार्थी. नववीत शाळा सोडून तो इथं कामाला लागला. मला बघताच म्हणाला, “सर, जरा इकडं या ना. इथं काय लिहिलंय?”

मी वाकून पाहिलं. गाडीच्या पोटाला एक लांबरुंद सपाट पेटी होती, पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत. तिच्यावर पिवळा त्रिकोण, त्यात विजेचं चिन्ह आणि शेजारी इंग्रजीत चार ओळी. अर्थ एवढाच की आत उच्च दाबाची वीज आहे, प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी उघडू नये. मी वाचून दाखवलं. उस्ताद बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “मतलब अपना काम नहीं.” गाडी खाली उतरवली. मालक ती घेऊन शहरातल्या सर्व्हिस सेंटरकडे गेला. उस्तादांनी तपासणीचे पैसेही घेतले नाहीत.

चाळीस वर्षं ज्या माणसाने वाकलेल्या चेसी सरळ केल्या, तो एका स्टिकरपुढे थांबला. थांबला हे बरोबरच केलं, कारण हात लावला असता तर जीवावर बेतलं असतं. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. गाडीची रचनाच बदलते आहे. त्या बदलात आपल्या समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या हुनराचं काय होणार?

आधी रचना समजून घेऊ. चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातून वर्षानुवर्षं स्कॉर्पिओ आणि बोलेरो बाहेर पडल्या. त्यांचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. त्यावर इंजिन, त्यावर बॉडी. टाकी वेगळी, बॅटरी वेगळी. जे बिघडलं ते काढा, दुरुस्त करा, पुन्हा बसवा. आपल्या मिस्त्रींचं सगळं ज्ञान या ‘वेगळं असण्या’वर उभं राहिलं. एक जण फक्त रेडिएटर करतो, एक फक्त डेंटिंग, एक फक्त वायरिंग.

आता त्याच महिंद्राने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या इलेक्ट्रिक गाड्या आणल्या. त्या चाकणला बनतात. त्यांच्या तळाला ‘इन्ग्लो’ नावाची रचना आहे आणि ५९ किंवा ७९ किलोवॅट-तासांची बॅटरी त्या तळातच सपाट बसवलेली आहे. जगात तर काही कंपन्या याहून पुढे गेल्या आहेत. चीनच्या बीवायडीच्या ‘सील’ गाडीत बॅटरीच्या पेटीचं झाकण हीच प्रवाशांच्या पायाखालची जमीन असते. बॅटरी गाडीत ठेवलेली नसते, ती गाडीच्या हाडांचा भाग असते. फायदे खरे आहेत. वजन वाचतं, आत जागा मिळते, जड भाग खाली असल्याने वळणावर गाडी स्थिर राहते आणि सांगाड्याला मजबुती येते. मात्र तळाला मार लागला की तो बॅटरीलाच लागतो. पूर्वी जिथं वेल्डिंगचा टाका पुरायचा, तिथं आता तीनशे-चारशे व्होल्टची डीसी वीज आहे.

दुसरी वाट हायड्रोजनची. ती अजून आपल्या गल्लीत आलेली नाही, पण पुण्यापर्यंत आली आहे. २१ ऑगस्ट २०२२ रोजी केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली हायड्रोजन फ्युएल सेल बस पुण्यात केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते दाखवण्यात आली. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते आणि मागे उरतं ते पाणी. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्यांना नितीन गडकरी आणि प्रल्हाद जोशी यांनी हिरवा झेंडा दाखवला. या चाचण्यांच्या मार्गांत मुंबई आणि पुणे आहेत.

हायड्रोजनची खरी अडचण ठेवायची कुठं ही आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते. पण साध्या दाबाला हा एक किलो वायू अकरा घनमीटरपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे एक छोटी खोली भरून जाईल. म्हणून तो दाबून भरतात. आपल्या रिक्षावाल्यांचा सीएनजी सिलिंडर २०० बारला भरला जातो. टोयोटाच्या ‘मिराई’ कारमध्ये हायड्रोजन ७०० बारला असतो. ५.६ किलो वायूसाठी तीन टाक्या लागतात आणि त्या टाक्यांचं वजन आतल्या वायूच्या सुमारे पंधरापट भरतं.

बॅटरी लादीसारखी सपाट करता येते, पण इतका दाब सोसायचा तर टाकी गोलच लागते. म्हणून मिराईत एक टाकी गाडीच्या मधोमध लांबीच्या दिशेने आणि दोन मागच्या बाजूला आडव्या बसवल्या आहेत. शिवाय छोटी बॅटरीही असते, कारण ब्रेक लावताना परत मिळणारी वीज साठवायला आणि अचानक वेग घ्यायला तीच उपयोगी पडते. म्हणजे हायड्रोजनच्या गाडीत सांगाडा, टाक्या आणि बॅटरी या तिघांना एकाच तळात नांदावं लागतं. टाकीवर कार्बन फायबरचे थर गुंडाळलेले असतात. दाबाखाली ती किंचित फुगते, म्हणून तिला पक्क्या पट्ट्यांनी पण थोडी मोकळीक ठेवून बांधतात. तिला वेल्डिंग चालत नाही. खोल ओरखडा आला तर टाकी बाद करावी लागू शकते. साधारण ११० अंशांना तिचा सुरक्षा झडप उघडतो आणि सगळा वायू बाहेर सोडून देतो.

आता हीच गाडी उस्तादांच्या पत्र्याखाली उभी आहे अशी कल्पना करा. एलपीजी गळला तर जमिनीलगत बसतो, हे आपल्या पोरांना माहीत आहे. हायड्रोजन वर जातो. शेडला वर फट नसेल तर तो पत्र्याखाली साचतो. हवेत चार टक्के मिसळला तरी पेट घेऊ शकतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. शेजारी कुणीतरी वेल्डिंग करत असतं. हे कुणी शिकवणार आहे का त्यांना?

सुरक्षिततेचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. ९ एप्रिल २०२२ रोजी आपल्या नाशिकमध्येच ४० इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली आणि २० स्कूटर जळाल्या. त्या वर्षी देशभर अशा घटना घडल्या आणि केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते योग्यच झालं. माझा मुद्दा पुढचा आहे. ‘धोकादायक आहे, हात लावू नका’ एवढं सांगून पाटी लावणं सोपं आहे. ज्याचं पोट त्या हातावर आहे, त्याला हात कसा लावायचा हे शिकवणं अवघड आहे. आपण सगळ्यांनी सोपं काम निवडलं आहे.

या प्रश्नाला मी समाजाचा प्रश्न का म्हणतो? नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान नियमित पगाराच्या नोकऱ्यांत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहेत, हे त्यात आकडेवारीनिशी मांडलं आहे. मुस्लिम कामगारांचं प्रमाण ज्या धंद्यांत जास्त आहे त्यांत वाहनदुरुस्तीचं नाव आहे. अहवाल न वाचणाऱ्यालाही हे दिसतं. द्वारका आणि वडाळा नाक्यावर एक फेरी मारा. पाटीवरची नावं वाचा. नोकरी मिळाली नाही, भांडवल नव्हतं, तेव्हा आपल्या माणसांनी पाना हातात घेतला. या धंद्याला सर्टिफिकेट लागत नव्हतं. उस्तादाची मर्जी आणि शागिर्दाचा कान पुरत होता. इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

बॅटरीला आवाज नसतो. तिचा बिघाड स्क्रीनवर आकड्यांत दिसतो. इंजिन ऑइल, क्लच, सायलेन्सर, स्पार्क प्लग ही सगळी कामं इलेक्ट्रिक गाडीत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसी, बॉडीचं काम आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी ही कामं उरतात. म्हणजे धंदा संपणार नाही. पण उरलेलं काम करतानाही मोठ्या बॅटरीची वीज आधी तोडायची कशी, नारिंगी केबल कुठली, कोणते हातमोजे घालायचे हे माहीत असावं लागेल. इथून पुढे गॅरेजमध्ये शिरण्याचा दरवाजा वाचता येण्याचा आहे.

इथं मला आपल्या घरांबद्दल बोलावं लागेल. आठवी-नववीतल्या मुलाचा बाप शाळेत येऊन मला सांगतो, “सर, पढ़ के कौनसी नौकरी मिलनेवाली है? गॅरेज में लगा देता हूँ, हुनर तो सीखेगा.” वीस वर्षांपूर्वी या बोलण्यात तथ्य होतं. मीही फार वाद घातला नाही. आज हा हिशेब चुकतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्याला दहावी पास लागते. नववीत शाळा सोडवलेल्या मुलाला आपण हुनरापासूनच तोडतो आहोत. दहावीची दोन वर्षं आता त्याच धंद्याची फी आहे असं समजा.

दोष फक्त बापाचा नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. निबंध, पत्रलेखन, शेराचा अर्थ, सगळं शिकवलं. त्या मुलाला मी कधी यंत्रावरची सूचना वाचायला दिली नाही. या वर्षापासून मराठीच्या तासाला प्रेशर कुकरचं, इन्व्हर्टरचं सूचनापत्रक वाचायला घेतो. मुलं हसतात, पण वाचतात.

सरकारकडेही मागणं आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तरतूद १९,७४४ कोटींची. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं. एवढ्या मोठ्या आकड्यांत वडाळा नाक्याच्या मिस्त्रीसाठी महिनाभराचा मराठी-उर्दू वर्ग बसवणं अशक्य नाही. शाळा न शिकलेल्या कारागिराच्या अनुभवाला तपासून मान्यता देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहेच. ती गॅरेजच्या दारापर्यंत आणावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाने उच्च दाबाच्या कामाची हत्यारं आणि तपासणी यंत्रांसाठी छोटी कर्जं द्यावीत. मस्जिद आणि जमातच्या लोकांनीही जुम्याच्या दिवशी आयटीआय प्रवेशाची तारीख सांगितली तर काही बिघडणार नाही.

आणि कंपन्यांना एवढंच म्हणायचं आहे की बॅटरी चेसीत घाला, पण ती उघडण्याची वाट बंद करू नका. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन क्षेत्रही आहे. पेटीचा एक कोपरा चेपला म्हणून पूर्ण बॅटरी बदलावी लागत असेल, तर त्यात गाडीमालकही मरतो आणि मिस्त्रीही. मॅन्युअल खुलं ठेवा, सुटे भाग विका, धोक्याच्या सूचना मराठी-हिंदीतही लिहा. स्टिकरवर चार ओळी वाढवायला खर्च कितीसा येतो?

परवा पुन्हा त्या गॅरेजवर गेलो होतो. बहुल्याच्या रेंजवरून तोफांचे आवाज येत होते, कॅम्पात ते कुणाच्या कानावर पडत नाहीत. मुलगा रिक्षाचा ब्रेक खोलून बसला होता. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मी त्याच्या हातात दिला. त्याने ऑइलचे हात आधी पुसले, मग कागद घेतला आणि उस्तादांकडे बघितलं. उस्ताद म्हणाले, “भर दे. शाम को एक घंटा जल्दी छोड़ूँगा.”