विश्लेषण : केबलवाल्याचे इंटरनेट घरात आले, पण राउटरची चावी कोणाकडे?

एकेकाळी टीव्हीच्या वाहिन्या दाखवणारा गल्लीतला केबलवाला आता इंटरनेटही देतो. इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरसारख्या यंत्रमागांच्या गावात हा बदल केवळ करमणुकीपुरता नाही. ई-वे बिल, जीएसटी विवरणपत्र, मुलांचे महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज अशी कामे घरच्याच जोडणीवर होतात. त्यामुळे नेट बंद पडले की कामही थांबते. अशा वेळी दोष तारेचा, पेटीचा, राउटरचा की संगणकाचा, हे बहुतेकांना सांगता येत नाही आणि केबलवाला येईपर्यंत वाट पाहावी लागते. घरातील राउटर आणि संगणक यांची जोडणी समजून घेणे म्हणूनच ग्राहकाच्या फायद्याचे आहे.

केबलवाला इंटरनेटकडे का वळला?

देशात केबल टीव्हीचे नियमन १९९५ च्या कायद्याने सुरू झाले. पुढे टप्प्याटप्प्याने सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. मुंबईसह चार महानगरांत २०१२ मध्ये सुरू झालेली ही प्रक्रिया २०१७ पर्यंत ग्रामीण भागात पोहोचली. त्याच सुमारास स्वस्त मोबाइल डेटा आला, प्रेक्षक मोबाइलवर मालिका आणि सामने पाहू लागले. केबलचे ग्राहक घटू लागले. पण खांबाखांबांवरून घरापर्यंत गेलेला मार्ग आणि महिन्याच्या वसुलीची घडी केबलवाल्याकडे तयारच होती. त्याच मार्गाने त्याने फायबर ओढला. कायद्याच्या दृष्टीने इंटरनेट विकण्याचा परवाना कंपनीकडे असतो. गल्लीतला चालक बहुतेक वेळा त्या कंपनीचा भागीदार किंवा फ्रँचायझी असतो. म्हणजे पैसे एकाला दिले, तरी सेवेची जबाबदारी दुसऱ्याची असू शकते. बिलावर कोणाचे नाव आहे, हे म्हणूनच पाहायला हवे.

तारेने येणारे इंटरनेट अजूनही अल्पमतात का?

२०२४ अखेर देशात ब्रॉडबँडचे ग्राहक ९४ कोटींच्या आसपास होते. त्यांपैकी तारेने जोडलेले जेमतेम ४ कोटी. बाकी सगळे मोबाइलवर. एका मोबाइल टॉवरचा वेग परिसरातील सगळ्यांत वाटला जातो. संध्याकाळी सर्वांनी एकदम नेट वापरले की तो घसरतो. फायबरही काही घरांत वाटून दिलेला असतो. पण एका धाग्याची क्षमताच मोठी असते. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका धाग्यातून ग्राहकांकडे सुमारे २.५ गिगाबिट आणि उलट दिशेने सुमारे १.२५ गिगाबिट वेग मिळतो आणि तो साधारण ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, म्हणून हे गणित जमते.

घरात येणारी वायर नेमकी कसली?

याचे तीन प्रकार आहेत. पहिला, टीव्हीची जाड, गोल कोॲक्स केबल. तिच्यावर केबल मोडेम लावून इंटरनेट घेता येते. या पद्धतीचे डॉक्सिस हे मानक १९९७ पासूनचे. दुसरा प्रकार, खांबावरच्या स्विचमधून थेट घरात येणारी आठ तारांची लॅन केबल. तिसरा आणि आता सर्वाधिक दिसणारा, बारीक फायबर. यात वीज नव्हे, प्रकाश वाहतो. त्यामुळे घरात त्या प्रकाशाचे रूपांतर करणारी पेटी लागते. तिला ओएनयू किंवा ओएनटी म्हणतात. बोलीभाषेत सगळ्यालाच ‘राउटर’ म्हटले जाते आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. ओएनयूचे काम प्रकाशाचे रूपांतर करण्याचे. राउटरचे काम आलेली एक जोडणी घरातल्या अनेक यंत्रांत वाटण्याचे. काही पेट्यांत दोन्ही कामे एकत्र असतात, तेव्हा वेगळा राउटर घ्यावा लागत नाही.

जोडणी कशी करायची?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी फायबर ओएनयूमध्ये बसवून ती सुरू करावी. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा झाला, तर बाहेरून प्रकाश नीट येत आहे. ‘लॉस’चा दिवा लाल लागला, तर फायबर तुटला, वाकला किंवा निसटला आहे, तो दोष राउटरच्या सेटिंगने जात नाही. फायबरच्या उघड्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते. फायबरला घट्ट पीळ देऊन खिळ्याला गुंडाळणेही टाळावे.

यानंतर ओएनयूच्या लॅन खाचेतून निघालेली वायर राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या खाचेत लावावी. ही खाच बहुधा वेगळ्या रंगाची असते. इथे एक चूक हमखास होते, ती म्हणजे वायर उरलेल्या लॅन खाचांपैकी एकीत घुसवली जाते. मग आपला राउटर घराबाहेरच्या जाळ्यालाही पत्ते वाटू लागतो. खांबावरून थेट लॅन केबल आली असेल आणि तिकडे संरक्षण नसेल, तर एका घरातल्या या चुकीने गल्लीतल्या इतरांचेही नेट अडखळू शकते.

संगणकाला आधी वायर लावायची की वाय-फाय?

पहिल्यांदा वायरच. राउटरच्या लॅन खाचेतून संगणकाला वायर लावून ब्राउझर उघडावा आणि राउटरखालच्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता टाकावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. हे आकडे जगभर घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणूनच शेजारच्या घरातही तेच दिसतात आणि तरी टक्कर होत नाही.

पुढे राउटर ‘जोडणीचा प्रकार’ विचारतो. केबल चालकाने नाव आणि पासवर्ड दिला असेल, तर ‘पीपीपीओई’ निवडून ते भरावे. दिले नसेल, तर बहुधा ‘डायनॅमिक आयपी’ चालते. काही ठिकाणी चालकाने जुन्या राउटरचा मॅक क्रमांक आपल्या यंत्रणेत बांधून ठेवलेला असतो. अशा वेळी नवा राउटर कितीही चांगला असला तरी नेट येत नाही. चालकाला नवा क्रमांक कळवला की काम होते. शेवटी वाय-फायचे नाव आणि पासवर्ड ठरवावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. दोष वायरचा, खाचेचा किंवा राउटरचा, म्हणजे घरातलाच आहे. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, राउटरचे पानही उघडत असेल आणि तरी नेट नसेल, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे किंवा पीपीपीओईचा पासवर्ड चुकला आहे. वायरने नेट चालते पण मोबाइलवर चालत नाही, तर प्रश्न वाय-फायचा. ही तपासणी दहा मिनिटांत होते आणि ‘तुमचा संगणकच खराब आहे’ या उत्तराला पुराव्यासह प्रत्युत्तर देता येते.

शंभरचा प्लॅन घेऊनही वेग कमी का?

पहिले कारण एककाचे. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. एक गिगाबाइटच्या फाइलला ८० सेकंद लागणे यात फसवणूक नाही.

दुसरे कारण खाचेचे. अनेक स्वस्त राउटरच्या खाचा १०० मेगाबिटपर्यंतच्याच असतात. त्यावर २०० चा प्लॅन घेतला, तर वरचे पैसे वाया जातात. आठपैकी चारच तारा जोडलेली वायरही वेग १०० वर अडवते.

तिसरे कारण भिंतींचे. २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय दूर पोहोचते, पण शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी त्यावर जास्त असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असते, पण भिंतीला लवकर हरते. कारखाना आणि घर एकाच आवारात असेल, तर पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी कपाट वाय-फाय अडवतात. मागाच्या खोलीत ठेवलेल्या राउटरच्या झरोक्यांत कापसाची धूळ बसून तो तापतो. तिथल्या संगणकापर्यंत वायर ओढणे आणि राउटर मोकळ्या, उंच जागी ठेवणे हा जास्त टिकाऊ उपाय.

सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान वेग २ मेगाबिट हवा. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेपूर्वी ही मर्यादा फक्त ५१२ किलोबिट होती. प्लॅनमधील डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, हा आकडा म्हणूनच जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पासवर्ड बदलणे एवढे महत्त्वाचे का?

ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे, राउटर अशी घरगुती उपकरणे ताब्यात घेतली आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. तिची पद्धत साधी होती. कारखान्यातून आलेले नाव-पासवर्ड तसेच ठेवलेली उपकरणे शोधायची आणि आत शिरायचे. राउटरला दोन वेगळे पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. पहिला बदलला जातो, दुसरा बहुतेक घरांत तसाच राहतो. शिवाय जोडणी ज्याच्या नावावर, त्या जोडणीवरून काही गैर घडले तर पहिली चौकशीही त्याच्याकडेच. शेजाऱ्याला पैसे घेऊन पासवर्ड देणे म्हणूनच धोक्याचे. छोट्या दुकानदाराला रीतसर वाय-फाय विकायचे असेल, तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. जुन्या संगणकांबाबतही सावध राहायला हवे. विंडोज १० ला मिळणारा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

ग्राहकाच्या हातात काय आहे?

मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. घरगुती इंटरनेटला क्रमांकाचे बंधन नाही, पण दुसरी बंधने आहेत. ओएनयू बहुधा चालकाच्या मालकीची आणि त्याच्याच जाळ्याशी बांधलेली असते. राउटरचा सेटिंग पासवर्डही अनेकदा त्याच्याकडेच असतो. त्यातच गल्लीत एकच फायबर असेल, तर पर्यायच उरत नाही. म्हणून जोडणी घेतानाच चार गोष्टी लेखी घ्याव्यात : पेटी कोणाच्या मालकीची, अनामत किती आणि ती परत कधी, पीपीपीओईचे नाव-पासवर्ड काय, आणि बिल कोणत्या परवानाधारक कंपनीचे. स्वतंत्र राउटर स्वतः विकत घेतला, तर चालक बदलला तरी तो कामी येतो.

तक्रार तोंडी न करता कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तोडगा न निघाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. दूरसंचार सेवेबाबतच्या तक्रारी ग्राहक मंचांना ऐकता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे.

मात्र या सगळ्या पायऱ्यांवर एकच प्रश्न आधी विचारला जातो : दोष घरात होता की बाहेर? वायर लावलेल्या संगणकावरील वेगाची नोंद, ‘लॉस’च्या लाल दिव्याचा फोटो आणि तारीख-वेळ एवढे जवळ असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाकडे तयार असते.