आधी नवऱ्याची तपासणी करा!

दीपनगरची वीज केंद्राची वसाहत असो की भुसावळची गल्ली, लग्नानंतर पाळणा हलला नाही की बोट सुनेकडेच वळते. नवरा पंचेचाळिशीचा असला तरी त्याला कुणी विचारीत नाही. पुरुषाला वयच नसते, ही मनुवादी समजूत आमच्या वस्त्यांतही घर करून आहे.

विज्ञान वेगळेच सांगते. चाळिशीनंतर शुक्राणूंची हालचाल मंदावते, त्यांच्यातील डीएनएची मोडतोड वाढते, पत्नीच्या गर्भपाताचा धोकाही वाढतो. तंबाखू, दारू, मधुमेह आणि भट्टीजवळची उष्णता त्यात भर घालतात. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत कारण पुरुषातही असते. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठी २०२१ च्या कायद्याने पुरुषालाही ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे.

१९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात बाबासाहेब र. धों. कर्वे यांचे वकील म्हणून उभे राहिले. मग त्यांच्या अनुयायांनी वीर्यतपासणीला का लाजावे? ती साधी आणि स्वस्त आहे. मूल नाही म्हणून पहिली पत्नी असताना दुसरी करणे मात्र गुन्हा आहे.

बांधवांनो, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नवस आणि बुवा कशाला? सुनेला वांझ म्हणण्याआधी मुलाला दवाखान्यात न्या!