फिटनेसचा दाखला आणि प्रवासाची तयारी

चैत्र संपत आला की इंदूरच्या मराठी घरांतून दोन विषयांची चर्चा हमखास ऐकू येते. एक कैऱ्यांच्या भावाची आणि दुसरी, यंदा कुठे जायचे याची. कुणाचे चारधामचे आरक्षण झालेले असते, कुणी लेहला निघालेले असते, तर कुणी मुलाकडे अमेरिकेला. स्वेटर, कानटोप्या, चिवड्याचे आणि दशम्यांचे डबे यांची जमवाजमव महिनाभर आधी सुरू होते. डॉक्टरांकडे मात्र मंडळी येतात ती निघण्याच्या दोन दिवस आधी, हातात सहल कंपनीचा छापील फॉर्म घेऊन. ‘डॉक्टरसाहेब, एवढी सही करून द्या. तुम्ही तर मला वीस वर्षे ओळखता.’

ही सही आपण नाकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवास नाकारावा असे मुळीच म्हणणे नाही. माणसाची ओळख वीस वर्षांची असली, तरी त्याच्या हृदयाची ओळख कालपरवाची असावी लागते. न तपासता दिलेला दाखला रुग्णाच्या काही उपयोगाचा नसतो. त्याने फक्त सहल कंपनीच्या फाइलमधील एक कप्पा भरतो.

पूर्वीच्या यात्रेकरूंना कुणी दाखला दिला होता, असा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात आणि तो विचारण्याजोगा आहे. ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातील वरसईहून निघाले ते मजल दरमजल करीत आपल्या महूवरूनच उत्तरेकडे गेले. काशीयात्रेला जाणारा माणूस घरादाराची निरवानिरव करूनच निघे. संकटे अनेक होती, पण एक गोष्ट त्याच्या बाजूने होती, ती म्हणजे संथ गती. हृषीकेशहून पायी निघालेला यात्रेकरू केदारनाथला कित्येक दिवसांनी पोहोचत असे, आणि तेवढ्या अवधीत त्याचे शरीर विरळ हवेशी जुळवून घेई. ज्याला ते जमत नसे तो वाटेतल्या धर्मशाळेत थांबे किंवा परत फिरे.

आज काय होते? इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तर केदारनाथ ३,५८३ मीटरवर. गौरीकुंड सुमारे दोन हजार मीटरवर असून तेथून १६ किलोमीटरची चढण एका दिवसात पार केली जाते. हेलिकॉप्टरने गेले तर दहा-पंधरा मिनिटांत माणूस वर. सुमारे साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब, आणि त्याबरोबर प्राणवायूही, समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षा थोडा कमीच असतो. शरीराला या बदलाची वार्ता पोहोचण्यापूर्वीच माणूस दर्शनाच्या रांगेत उभा असतो. लेहची गोष्ट याहून सरळ आहे. दिल्लीहून विमानात बसावे आणि तासा-दीड तासात साडेतीन हजार मीटरवर उतरावे.

साधारण अडीच हजार मीटरच्या वर उंचीचा त्रास सुरू होऊ शकतो. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, अन्नावरील वासना उडणे ही त्याची पहिली लक्षणे. दुर्दैवाने प्रवासात ती सर्वांनाच ओळखीची वाटतात आणि ‘गाडी लागली’, ‘पित्त झाले’ म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन पुढची चढण सुरू होते. रुग्णाला चार वाक्ये पाठ करून द्यावीत. उंचीवर डोके दुखू लागले तर ते उंचीमुळेच असे समजावे. लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये. वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे. पहिल्या रात्री झोपेची गोळी घेऊ नये. हे चौथे वाक्य विशेष महत्त्वाचे. आपल्याकडे कितीतरी ज्येष्ठ मंडळी वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम घेत असतात आणि ते ‘औषध’ म्हणून सांगतही नाहीत. विरळ हवेत झोपेतील श्वसन आधीच अनियमित असते, त्यात ही भर नको.

असेटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते देण्याआधी मूत्रपिंडाचे कार्य, सल्फाची ॲलर्जी आणि रुग्ण आधीच घेत असलेले लघवीचे औषध पाहावे लागते. म्हणूनच दोन दिवस आधीची भेट निरुपयोगी ठरते. निदान सहा आठवडे हवेत. तेवढ्यात रोजचे चालणे पाच किलोमीटरपर्यंत वाढवता येते, जिने चढण्याचा सराव होतो, नवे बूट पायाला रुळतात आणि रक्तदाबाची औषधे बदलायची असल्यास बदलून स्थिर करता येतात. दोन मजले न थांबता चढता येतात का, हा साधा प्रश्न पुष्कळ सांगून जातो.

मधुमेही यात्रेकरूंविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या समाजात त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या अडचणी सहल कंपनीच्या सूचनापत्रात कधीच नसतात. इन्सुलिन गोठले की निकामी होते. विमानात ते सामानाच्या कक्षात न देता हातातील पिशवीत ठेवावे आणि बदरीनाथच्या थंडीत पेन अंगालगतच्या खिशात असावे. उलट मे महिन्यात माळव्यात ते उन्हातल्या गाडीत राहता कामा नये. थंडीत ग्लुकोमीटरही चुकीचा आकडा दाखवू शकतो. आणखी एक नवी बाब म्हणजे एसजीएलटी-२ गटातील औषधे. आता ती सर्रास दिली जातात. अशा रुग्णाने ‘दर्शन झाल्याशिवाय अन्न नाही’ असा नेम धरला, वर पाणीही कमी प्यायले आणि दिवसभर चढण चढली, तर रक्तशर्करा फारशी न वाढताही किटोॲसिडोसिस होऊ शकतो. उपवासाच्या आणि कठीण चढणीच्या दिवसांत हे औषध थांबवायचे का आणि केव्हापासून, हे घरी असतानाच ठरले पाहिजे.

पायांचे सांगायलाच हवे. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे अशी मंडळी वैशाखातल्या भर दुपारी ओंकारेश्वरच्या घाटावर किंवा महाकाळाच्या प्रांगणात अनवाणी चालतात आणि संध्याकाळी मोजे काढल्यावर तळव्याचे फोड पाहतात. बदरीनाथला तप्तकुंडात आधी पाय घालून पाणी सोसेल का हे अजमावणारा पायच बधिर असेल तर काय उपयोग? पाणी हाताच्या कोपराने पाहावे आणि तेही बरोबरच्या निरोगी माणसाच्या. जाड सुती मोजे घालून मंदिरात जाण्यात अधर्म नाही, हे डॉक्टरांनी सांगितले तर आजीबाई ऐकतात. सुनेने सांगितले तर ऐकत नाहीत, असा अनुभव आहे.

काहींना खरोखरच थांबवावे लागते. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेला, छातीत दुखणे अस्थिर असलेला, हृदयाची अकार्यक्षमता आटोक्यात नसलेला, घरीच प्राणवायू लागणारा रुग्ण केदारनाथला जाऊ नये. येथे आपली कसोटी लागते. ‘तिथे मृत्यू आला तर भाग्यच’ असे म्हणणाऱ्या वृद्धाच्या श्रद्धेशी वाद घालू नये. पण त्याला उतरवून आणणारी मंडळी, बंद पडलेला रस्ता आणि बरोबरची घाबरलेली पत्नी हेही त्याच्यासमोर मांडावे. नकाराबरोबर पर्याय दिला तर तो स्वीकारला जातो. बदरीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर असून तेथे मोटार मंदिराच्या बऱ्याच जवळ जाते. स्थिर प्रकृतीच्या पुष्कळांना वाटेत मुक्काम करीत तेवढे जमू शकते.

शासनयंत्रणांनी याबाबत काही पावले टाकली आहेत. अमरनाथ यात्रेसाठी ठरावीक नमुन्यातील आरोग्य प्रमाणपत्र अनिवार्य असून ते अधिकृत यादीतील डॉक्टरांकडूनच घ्यावे लागते. १३ वर्षांखालील व ७० वर्षांवरील व्यक्तींना तेथे प्रवेश नाही. चारधाम मार्गावरही २०२२ च्या हंगामातील यात्रेकरूंच्या मृत्यूंनंतर आरोग्यतपासणीवर भर देण्यात आला. पण मार्गावरील तपासणी ही घर सोडल्यानंतरची तपासणी आहे. पैसे भरून, हजारभर किलोमीटर येऊन पोहोचलेला माणूस तिथून परत फिरायला तयार नसतो.

परदेशी जाणाऱ्यांचे प्रश्न निराळे आहेत. सहा महिने मुलाकडे राहायला निघालेल्या आईवडिलांच्या औषधांची आपल्याकडील व्यापारी नावे तिकडे कुणाला कळत नाहीत. मूळ नावे लिहावीत, आणि तीही कधीकधी बदलतात. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत असेटामिनोफेन होते आणि साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. विम्याच्या कागदात जुन्या आजारांचे कलम बारीक अक्षरांत असते, ते मुलाने नव्हे तर कुणा जाणकाराने वाचावे. दुबईला जाणाऱ्यांनी ट्रामाडॉल, कोडीन अशी औषधे पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत, आणि नातवंडांसाठी नेलेल्या अनारशांवर खसखसही नको. तिकडे ती निषिद्ध पदार्थांत मोडते.

आता मूळ मुद्दा. सहीच्या दाखल्याऐवजी प्रत्येक प्रवासी ज्येष्ठाच्या हाती आपण एका पानाचा ‘प्रवासाचा कागद’ द्यावा. त्यावर निदान, औषधांची मूळ नावे व मात्रा, ॲलर्जी, स्टेंट किंवा पेसमेकर असल्यास तारीख, अलीकडचे क्रिएटिनिन, घरच्या डॉक्टरांचा दूरध्वनी आणि पाठीमागे चिकटवलेला शेवटचा ईसीजी असावा. या शेवटच्या गोष्टीचे मोल रात्री दोन वाजता रुद्रप्रयागच्या रुग्णालयात बसलेल्या तरुण डॉक्टरला विचारावे. समोरच्या आलेखातील डाव्या बंडल शाखेचा अवरोध आजचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, यावर त्याचा पुढचा निर्णय अवलंबून असतो, आणि त्याचे उत्तर इंदूरच्या कपाटात पडलेले असते. मोबाइलमध्ये छायाचित्र असावेच, पण डोंगरात बॅटरी आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्यावीत व निम्मी सोबत्याच्या पिशवीत ठेवावीत. जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून चार दिवस अडकणे ही तिकडे नवलाची गोष्ट नाही.

हा कागद कुणी लिहायचा, यावर आपल्यात मतभेद होतील. हृदयरोगतज्ज्ञ म्हणतील मधुमेहतज्ज्ञाने, ते म्हणतील फिजिशियनने. माझ्या मते तो घरच्या डॉक्टरनेच लिहावा. रुग्ण झोपेची गोळी घेतो आणि उपवासही करतो, हे दोन्ही त्यालाच ठाऊक असते. यासाठी रीतसर वेळ द्यावा आणि रीतसर शुल्कही घ्यावे. लाखभर रुपयांची सहल करणाऱ्याला त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आपल्या संस्थेने या कागदाचा नमुना तयार करून सभासदांच्या दवाखान्यांत ठेवावा, अशी माझी सूचना आहे. मजकूर हिंदी व इंग्रजी दोन्ही भाषांत असावा, कारण उत्तराखंडातील परिचारिकेला मराठी वाचता येणार नाही. अक्षर मोठे, कागद जाड, आणि डॉक्टरांनी औषधांची नावे कृपया सुवाच्य लिहावीत.