ताप उतरला तरी गोळी सोडू नका

बेला, जैनथ आणि पैनगंगेकाठच्या गावांतल्या शेतकरी भावाबहिणींनो, गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, जार अडकला आणि तुम्ही उघड्या हातानं तो ओढून काढला. पुढं काही आठवड्यांनी ताप धरला. चढतो, उतरतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे ठणकतात. अशा वेळी डॉक्टरांना नुसता ताप सांगू नका, गाईचंही सांगा. नाहीतर मलेरिया-टायफॉइडच्या औषधांतच महिना जातो. हा जनावरांपासून माणसाला होणारा ब्रुसेलोसिस असू शकतो. रक्त तपासून तो ओळखता येतो. जवळ सोय नसेल तर आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात विचारा.

याचा जंतू आपल्या पेशींच्या आत दडून राहतो, म्हणून एका औषधावर भागत नाही. मोठ्या माणसाला बहुधा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे देतात. जोडीला तितकेच दिवस रिफाम्पिसिन, किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनचं रोज एक इंजेक्शन. जंतू मणक्यात शिरला असेल तर उपचार तीन महिने किंवा जास्तही चालतात. गरोदर बाई आणि लहान मुलं यांची औषधं वेगळी असतात. तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

खरी अडचण पुढंच आहे. थोड्याच दिवसांत ताप उतरतो, भूक लागते, शेतात कामं खोळंबलेली असतात आणि गोळ्यांचं पाकीट फळीवर पडतं. अर्धवट सोडलेला हा आजार काही महिन्यांत पुन्हा उलटतो. रिफाम्पिसिननं लघवी लालसर-नारिंगी होते, त्याला भिऊन गोळी टाकू नका. मात्र हे टीबीचंही औषध आहे. जुना खोकला असेल, वजन घटत असेल, तर ते आधीच सांगा. टीबी अंगात असताना हे अपुरं औषध घेतलं तर पुढं टीबीवर ते चालेनासं होतं. डॉक्सिसायक्लिन दुधासोबत घेऊ नये. दुभत्याच्या घरात हे सांगावंच लागतं! पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका.

हा आजार टाळायचा तर घरचं असलं तरी दूध उकळूनच प्या. शेळीचं कच्चं दूध औषधी म्हणून पोरांना पाजू नका. गाभडलेलं वासरू आणि जार हातमोजे घालून चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांपुढं टाकू नका. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला ब्रुसेलाची लस एकदाच द्यावी लागते. ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्या.