अंडे नको, मग काय?

अंगणवाडीतल्या मुलांना अंडी द्यायचा प्रस्ताव २०१५ मध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नाकारला, तेव्हा आपल्या समाजाला आनंद झाला. २०१९ मध्ये कमलनाथ सरकारने, म्हणजे आपल्याच छिंदवाड्याच्या नेत्याच्या सरकारने, तो विषय परत काढला, परत विरोध झाला. अंडे माझ्याही घरात येत नाही आणि येणार नाही. पण बायांनो, दुसऱ्याच्या लेकराच्या ताटातून एक वस्तू काढली, तर तिथे काय ठेवले हे विचारायचे की नाही?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्यप्रदेशातली पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. तिनातले एक, किंबहुना जास्तच. सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागेत तोडणीला येणाऱ्या बाईच्या कडेवरचे पोर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत अंडे वर्ज्य नसते, परवडत नसते एवढेच.

"डाळीतही प्रथिने असतात की!" असतात ना. पण वाटीत डाळ किती आणि पाणी किती? एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने, तेवढीच २५ ग्रॅम शेंगदाण्यांत. ज्वारीच्या भाकरीत जे कमी पडते ते तुरीचे घट्ट वरण भरून काढते. मात्र बी-१२ ना डाळीत आहे ना दाण्यात, त्याला दूधच लागते. एवढे सगळे रोज मिळाले तर अंड्यावाचून अडत नाही. रोज मिळाले तर!

जगाला आता आपलीच थाळी हवी आहे, असे व्याख्यानांत हल्ली फार ऐकते. २०१९ च्या ईट-लॅन्सेट आयोगाने २०५० च्या १० अब्ज लोकांसाठी जेवण सुचवले, ते मुख्यतः वनस्पतींचेच आहे, खरे. पण त्यात अर्धे ताट भाजी-फळांचे, धान्य अख्खे, आणि वरून घातलेली साखर दिवसाला ३१ ग्रॅम. ती तर आपल्या पंगतीत दोन गुलाबजामांतच संपते! मैदा, तळण, साखर एवढे घेऊन बसलेली आपली थाळी कांदा-बटाटा नाही म्हणून आरोग्याची होत नाही. आणि ज्वारी? कापूस, मका, संत्रा पुढे आले तशी ती शेतातूनही मागे पडली, आपल्या तव्यावरूनही.

बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते, भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. उपवासाच्या पारण्याचे फोटो घरोघर फिरतात, अवमौदर्याचा फोटो कोण काढणार?

येत्या पर्युषणात कलशाची, आरतीची बोली लागेल तेव्हा आणखी एक बोली लावा: जवळच्या अंगणवाडीला वर्षभर दूध आणि दाण्याच्या कुटाचे लाडू. एवढे होत नसेल, तर अंड्याविरुद्धच्या पुढच्या निवेदनावर माझी सही मागायला येऊ नका.