‘सिकल पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं काय?

बालाघाट ते गोंदिया, चाळीसेक किलोमीटर. १९५६ पर्यंत दोन्हीकडची राजधानी एकच, नागपूर. पुढे राज्यं वेगळी झाली, बालाघाट मध्य प्रदेशात आणि गोंदिया महाराष्ट्रात, पण ये-जा काही थांबली नाही. सोयरीक गोंदियाची, बाजार गोंदियाचा, आणि ताप हटेना की दवाखानाही तिकडचाच, नाहीतर थेट नागपूर. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत घड्या पडलेले कागद.

त्या कागदांवर या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल एक शेरा भेटतो: ‘सिकल पॉझिटिव्ह’.

शेरा साधा दिसतो, पण अर्धवट आहे. सॉल्युबिलिटी चाचणीत नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण द्रावण वाहकाचंही गढूळ होतं आणि रुग्णाचंही. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी केल्यावर: एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा औषध लागत नाही, लग्न जुळवताना तेवढं ठाऊक हवं. एसएस असलेल्या पोराला हायड्रॉक्सियुरिया लागू शकतं. हाडं ठणकायला लागली की इस्पितळ गाठावं लागतं. जाणता डॉक्टर हा शेरा वाचून पुढचा प्रश्न विचारतो. संगणकाला तो सुचत नाही.

त्याच्यासाठीच संकेतांक असतात. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीत वाहक म्हणजे डी ५७.३ आणि रुग्ण, कळा नसतील तर, डी ५७.१. वैद्यकीय संज्ञांचा याहून बारीक कोश म्हणजे स्नोमेड सीटी. भारत त्याचा सदस्य झाला २०१४ साली आणि देशाचं केंद्र आहे पुण्याच्या सी-डॅकमध्ये. एकाने ‘ट्रेट’ लिहिलं, दुसऱ्याने ‘वाहक’, तिसऱ्याने ‘एएस पॅटर्न’, तरी आत एकच नोंद.

संकेतांकाचा उपयोग सिकलसेलपुरता नाही. बालाघाटातल्या बैहरकडच्या जंगलपट्टीत मलेरिया जुनाच. त्यातल्या व्हायवॅक्स प्रकाराला प्रायमाक्विन १४ दिवस देतात. जी६पीडी हे विकर कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी त्यानेच फुटू शकतात. जी६पीडीचा जुना अहवाल संकेतांकासह असेल तर औषध लिहितानाच संगणक हटकेल. कागदावर नुसतं ‘रक्तात दोष’ असेल तर तो गप्प.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली: चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. त्याआधी २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन आणि चौदा आकडी ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक आला होता. पण आभा खात्यात कागदाचा फोटो चढवला की काम फत्ते, ही समजूत भाबडी आहे. पिशवीतला गोंधळ फक्त मोबाइलमध्ये जातो.

हे संकेतांक रजिस्टरांच्या ढिगात बुडालेल्या एएनएमताईंनी पाठ करावेत, असं मात्र कुणी सुचवू नये. त्यांनी रोजच्या शब्दांत निवड करावी, संकेतांक सॉफ्टवेअरने मागे जोडावा. आणि त्या यादीत ‘पॉझिटिव्ह’ हा पर्याय एकटा नकोच. आधी चाचणी कोणती ते विचारावं, मग निकाल. एचपीएलसी व्हायची असेल तर ‘पक्की तपासणी बाकी’ असा रकाना हवा, म्हणजे गोंदियाच्या डॉक्टरला ती करून घेता येईल.